फुफ्फुसाचा कर्करोग आणि रक्तातील खुणा



रक्तावरून फुफ्फुसाचा कर्करोग तपासणारे यंत्र आपल्या रुग्णालयात असावे, अशी सूचना काही देणगीदारांनी केली आहे. सूचना आपुलकीची आहे, म्हणूनच तिचा नीट विचार व्हावा.

गाठीतील मृत पेशींच्या डीएनएचे सूक्ष्म तुकडे रक्तात उतरतात. त्यांत ‘ईजीएफआर’ जनुकातील विशिष्ट बदल आढळला, तर केमोथेरपीऐवजी गोळ्यांचा उपचार शक्य होतो. टाटा स्मारक रुग्णालयाच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९०७ रुग्णांपैकी सुमारे २३ टक्क्यांत असा बदल होता. तो गाठीचा तुकडा तपासून कळला होता. रक्तावरील अशा चाचणीला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. ज्या वृद्ध, थकलेल्या रुग्णाच्या फुफ्फुसात सुई घालणे धोक्याचे, त्याला ती वरदानच आहे. परंतु रक्तात बदल दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असे नव्हे. मग तुकडा तपासावाच लागतो. धडधाकट माणसाने केवळ धास्तीपोटी ती करून घेणे आम्हांस अनाठायी वाटते.

आपल्या किनाऱ्यावरची अडचण याच्या कितीतरी आधीची आहे. एक्स-रेत डाग दिसला की थुंकीत जंतू न सापडताही क्षयाची औषधे सुरू होतात, आणि अलिबाग-मुरुडकडचा रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोहोचेतो अनेकदा आजार पसरलेला असतो. म्हणून यंत्राआधी सीटी स्कॅन व बायोप्सीसाठी निधी द्यावा, ही विनंती. टाटा स्मारक केंद्राचे ‘ॲक्ट्रेक’ खारघरला, आपल्याच जिल्ह्यात आहे. तेथवरचे रुग्णाचे व सोबतच्या एका नातेवाइकाचे एसटीभाडेही त्यात धरावे.