विम्याचे काम कोणी पत्करावे?

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



शाळेतून सेवानिवृत्त झाल्यावर मी आयुर्विम्याचे काम पत्करले. तेव्हापासून ‘आमच्या मुलाने एजन्सी घ्यावी काय?’ असे मला वारंवार विचारले जाते. वयाची 18 वर्षे पूर्ण, दहावी उत्तीर्ण, थोडे प्रशिक्षण व एक परीक्षा, एवढ्याच मुख्य अटी आहेत. मुलगा त्या पुऱ्या करील. परंतु त्याने हे काम करावे की नाही, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

ज्याचा गोतावळा मोठा तो या धंद्यात पुढे जातो, अशी समजूत आहे. माझा अनुभव निराळा आहे. गोतावळा वर्षभरात संपतो. भिडेपोटी घेतलेला विमा दुसऱ्या-तिसऱ्या हप्त्याला बंद पडतो, घेणाऱ्याचे पैसे बहुधा वाया जातात आणि लग्नकार्यात तो आपल्याकडे पाहावयाचे टाळतो. कमिशनची रीत अशी की, पहिल्या वर्षी ते पुष्कळ असते. पुढे थोडे, आणि तेही हप्ते चालू राहतील तोवरच. म्हणून आरंभीची दोन वर्षे ज्याच्या घरी शेती, दुकान किंवा निवृत्तिवेतन यांपैकी काही आधार आहे, त्यानेच यात पडावे. ज्याला चालू महिन्यातच पैसे हवे असतात, त्याच्या हातून नको ते घडते.

माझ्याच हातून घडले, ते सांगतो. आरंभीच्या काळात एका सुताराचा अर्ज भरीत होतो. त्याला मधुमेह होता, हे मला ठाऊक होते. त्या रकान्यात ‘नाही’ लिहावे, असे एका अनुभवी सहकाऱ्याने सुचविले, मी लिहिले. अठराव्या महिन्यात तो गेला आणि दावा नामंजूर झाला. विमा अधिनियम, 1938 च्या कलम 45 प्रमाणे पहिल्या तीन वर्षांत चुकीच्या माहितीवरून विमा नाकारता येतो. खरे लिहिले असते तर हप्ता कदाचित वाढला असता, इतकेच. त्याच्या पत्नीने मला एकच विचारले, “गुरुजी, तुम्हाला तर ठाऊक होते ना?”

अर्जातला प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून दाखविण्याचा कंटाळा ज्याला येतो, त्याने हे काम घेऊ नये. ‘पहिला हप्ता मी भरतो’ असे सांगणाऱ्यानेही घेऊ नये. कमिशनातून अशी सूट देणे कलम 41 ने निषिद्ध आहे.

येथे शासकीय सेवकही बसले आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 नुसार पत्नीच्या अथवा कुटुंबातील कोणाच्या विमा एजन्सीसाठी प्रचार करणे हादेखील नियमभंग ठरतो. पत्नीच्या नावाची पाटी आणि साहेबांची शिफारस, हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. अधिक बोलत नाही.

पंचायत सदस्यांना मात्र एक सुचवावेसे वाटते. 9 डिसेंबर 2024 रोजी पानिपत येथे आयुर्विमा महामंडळाच्या ‘विमा सखी’ योजनेचा आरंभ झाला. दहावी झालेल्या, 18 ते 70 वर्षे वयाच्या स्त्रियांसाठी ती आहे. नेमून दिलेले काम पुरे केल्यास पहिल्या वर्षी दरमहा 7,000 रुपयांपर्यंत विद्यावेतन मिळते. पुढील दोन वर्षे ते कमी होत जाते. कोणाचे नाव सुचवावे, असे विचाराल तर बचत गटाचे वहीखाते जिने विनातक्रार सांभाळले आहे आणि कोणाच्या घरी मृत्यू झाल्यास जी बोलावल्यावाचून जाते, ती स्त्री आपल्या गावात कोण आहे, हे आपणांस ठाऊकच असेल.