‘अभ्यासक्रम’ आणि त्याचे सोयरे



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी याच वास्तूत मराठी शिकवले. तेव्हा व्याख्यानाचा विषय एखादा शब्द असावा, आणि तोही शाळेतलाच असावा, असे मला वाटले. म्हणून ‘अभ्यासक्रम’ हा शब्द निवडला. पुण्या-मुंबईच्या माणसाला या शब्दाकडे निरखून पाहण्याचे कारण पडत नाही. इंदुरातल्या मराठी माणसाला ते पडते. कारण शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकले की त्याच वस्तूला ‘पाठ्यक्रम’ म्हणतात.

दोन्ही शब्दांतला ‘क्रम’ एकच आहे. भेद आहे तो पूर्वपदाचा. ‘पठ्’ म्हणजे वाचणे, म्हणणे. जे वाचावयाचे ते पाठ्य. ‘अभ्यास’ या शब्दाच्या मुळाशी पुनरावृत्ती आहे. पाणिनीच्या व्याकरणात धातूची द्विरुक्ती झाली की तिच्यातल्या पहिल्या भागाला ‘अभ्यास’ अशी संज्ञा आहे. ‘पपाठ’ या रूपातला पहिला ‘प’ हा अभ्यास! गीतेत आणि योगसूत्रांत अभ्यास वैराग्याच्या जोडीने येतो, तोही पुन्हा पुन्हा करावयाचा यत्न म्हणूनच.

हिंदीने हा जुना अर्थ जपला. तेथे अभ्यास असतो तो गवयाचा, नेमबाजाचा; सैन्याचा असतो तो युद्धाभ्यास. पुस्तक घेऊन बसलेले मूल मात्र ‘पढ़ाई’ करते. मराठीने अर्थाचा पैस वाढविला. ‘तिचा इतिहासाचा अभ्यास दांडगा आहे’ यात व्यासंग आहे, ‘बाईंनी आज अभ्यास दिला नाही’ यात गृहपाठ आहे, आणि ‘अभ्यासाला बस’ यात आईचा दरारा. आमच्या घरी आलेल्या हिंदीभाषक पाहुण्याला ‘मुलगा अभ्यास करतो आहे’ असे सांगितले तर तो ‘किस चीज़ का?’ असे विचारील, आणि त्याच्या भाषेच्या दृष्टीने त्याचे बरोबरच असेल. बडोद्याच्या मराठी मंडळींपुढे ही अडचण नाही. गुजरातीतही ‘अभ्यास’ आणि ‘अभ्यासक्रम’ आपल्यासारखेच चालतात.

इंग्रजी शब्दांच्या कथाही ऐकण्याजोग्या आहेत. ‘करिक्युलम’ आणि ‘कोर्स’ हे दोन्ही धावणे या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूचे वंशज. तिकडची मंडळी धावतात. आपल्या ‘क्रमा’त पाऊल टाकणे आहे. ‘सिलॅबस’चा जन्म तर चुकीतून झाला. सिसेरोच्या पत्रांत ग्रंथांच्या गुंडाळ्यांना लावावयाच्या चिठ्ठ्यांसाठी एक ग्रीक शब्द आला होता. पंधराव्या शतकात ती पत्रे छापताना तो अशुद्ध छापला गेला आणि ते अशुद्ध रूपच पुढे रूढ झाले. हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाने सुरू झाले. तेथे शिकलेल्या मराठवाड्यातील जुन्या पिढीला ‘निसाब’ हा शब्द परिचयाचा होता. जकात देय होण्यासाठी जी किमान मालमत्ता असावी लागते तिलाही निसाबच म्हणतात. किमान एवढे तरी पदरी असावे, ही कल्पना मला विलक्षण अर्थपूर्ण वाटते.

शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत अलीकडे शालेय जीवनाच्या समग्र आराखड्याला ‘अभ्यासक्रम’ आणि विषयवार घटकांच्या यादीला ‘पाठ्यक्रम’ अशी वाटणी करतात. हिंदीत समग्र आराखड्यासाठी ‘पाठ्यचर्या’ हा शब्द योजला गेला. २००५ सालच्या राष्ट्रीय आराखड्याच्या नावात तो आहे. महाराष्ट्राने २०१० साली आपला आराखडा केला तेव्हा ‘राज्य अभ्यासक्रम आराखडा’ असेच नाव ठेवले. वाटणी सोयीची आहे खरी, पण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडे ती कोणी पाळत नाही.

कारण व्यवहारात राज्य आहे ते ‘पोर्शन’चे, आणि आपल्या इंदुरात ‘कोर्स’चे. परका शब्द आला याचा मला फारसा विषाद नाही. शब्दाबरोबर क्रियापद बदलते, ते मला खटकते. पूर्वी पुस्तक ‘नेमले’ जाई किंवा ‘लागे’: ‘यंदा इंटरला कोणते नाटक लागले आहे?’ पोर्शन मात्र ‘उरकतात’, तो ‘मागे पडतो’, शेवटी जादा तास घेऊन ‘संपवतात’. पोर्शन म्हणजे वाटा, हिस्सा. ‘सरांनी पोर्शन संपवला’ या वाक्यात कर्ता सर आहेत. विद्यार्थी वाक्यात कोठेच नाही! अभ्यास शिक्षकाला देता येतो, तपासता येतो. करावा लागतो तो ज्याचा त्यालाच. ‘अभ्यासक्रम’ या शब्दात हा विद्यार्थी बसलेला आहे. ‘पाठ्यक्रमा’त पुस्तक आहे, ‘पोर्शन’मध्ये मापटे आहे.

आता आपल्या घरांतून ‘पढाई झाली का?’ असे ऐकू येते. ‘पढ़ाई’ हा शब्द हिंदीत खानदानी आहे, ‘पठ्’चाच वंशज आहे. परंतु मराठी घरातून ‘अभ्यास’ गेला की त्याच्यामागे ‘अभ्यासू’ जातो, ‘अभ्यासिका’ जाते, ‘अभ्यासाला बसणे’ जाते, आणि ‘अभ्यासक्रम’ हा छापील कागदापुरता उरतो.

मंडळाशी होणाऱ्या पत्रव्यवहारात शाळेला ‘पाठ्यक्रम’ लिहावेच लागेल. त्याबद्दल तक्रार नाही. मराठीच्या तासाला मात्र वर्षाच्या आरंभी धड्यांची यादी फळ्यावर लिहिताना वर ‘अभ्यासक्रम’ लिहावे. एखाद्या मुलाने विचारलेच, ‘सर, अभ्यास तर गाण्याचा असतो ना?’, तर तो तास तेथेच थांबवून ‘पपाठ’पासून सुरुवात करावी. त्या दिवशीचा पोर्शन मागे पडला तरी चालेल.