आजीबाईंचे कासव आणि मृगाचा पाऊस



स्टीफन हॉकिंग यांच्या 1988 सालच्या ‘अ ब्रीफ हिस्ट्री ऑफ टाइम’ची सुरुवात एका व्याख्यानाच्या किश्श्याने होते. एक नामवंत शास्त्रज्ञ, काहींच्या मते बर्ट्रांड रसेल, खगोलशास्त्रावर बोलत असतात. व्याख्यान संपताच मागून एक आजीबाई उठतात आणि सांगतात, हे सारे थोतांड आहे. पृथ्वी सपाट असून ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर टेकली आहे. मग ते कासव कशावर उभे? कासवावर, खाली पार शेवटपर्यंत कासवेच आहेत!

इंग्रज वाचक मोकळेपणी हसतो, कारण कासवाशी त्याचे काही नाते नाही. आपण शंकराच्या देवळात फरशीतल्या कासवाला हात लावून आत जातो. भूकंप झाला की शेषाने फणा हलवला, असे सांगणारी आजीही अनेक घरांत होऊन गेली. मग हा किस्सा मराठीत आणताना अनुवादकाला मोह होतो की कासव काढून शेषच बसवावा, म्हणजे किस्सा अस्सल मराठी होईल.

हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. किश्श्याची सगळी गंमत त्या न संपणाऱ्या उतरंडीत आहे. आपल्या नैयायिकांनी जिला अनवस्था म्हटले, तीच ही अडचण. शेष मात्र एकच. त्याच्या खाली दुसरा शेष कुणी कल्पिलेला नाही. तो आणला की किस्सा घरचा होतो आणि मुद्दा हरवतो.

शिवाय हे कासव फिरून आलेले आहे. तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या 1690 च्या ग्रंथात एक हिंदी माणूस पृथ्वी हत्तीवर आणि हत्ती कासवावर ठेवतो. कासवाखाली काय, ते त्याला सांगता येत नाही. लॉकचा टोमणा होता युरोपातल्या पंडितांच्या ‘द्रव्य’ कल्पनेला. हसे मात्र आपले झाले. अनुवादात कासव तसेच ठेवावे आणि ही हकीकत तळटीपेत द्यावी.

मापांचे प्रकरण सोपे. लांबी सांगायला आलेल्या अमेरिकी फुटबॉलच्या मैदानाऐवजी सरळ नव्वद मीटर लिहावे. तिथे क्रिकेटचे मैदान घालणारे उत्साही लोक विसरतात की त्या मैदानाला ठरलेले मापच नसते. ठरलेली असते ती 22 यार्डांची खेळपट्टी.

खरी कसोटी आकाशात लागते. इंग्रजी पुस्तकात ओरायन, म्हणजे आपले मृग, हे हिवाळ्याचे तारे. अनुवादक बिनधास्त ‘मृग हे हिवाळी नक्षत्र’ असे लिहितो आणि शेतकऱ्याच्या घरातला मुलगा गोंधळतो. त्याच्या घरी मृग लागतो 7 जूनच्या सुमारास. तेव्हा बियाणे बाहेर निघते, ढगांची वाट पाहणे सुरू होते. अनुवादक आणि मुलगा, दोघेही बरोबर आहेत. जूनमध्ये सूर्यच आकाशाच्या त्या भागात असतो, त्यामुळे ते तारे त्याच्याबरोबर उगवतात, मावळतात आणि उजेडात दिसत नाहीत. पंचांग सूर्य कुठे आहे ते सांगते, इंग्रजी पुस्तक रात्री काय दिसते ते. डिसेंबरात सूर्य आकाशाच्या दुसऱ्या बाजूला गेलेला असतो आणि तेच तारे अंधार पडल्यावर पूर्वेला वर येतात.

एवढी दोन-तीन वाक्ये अनुवादकाने पदरची घालावीत. मूळ पुस्तकात ती नाहीत म्हणून कचरू नये. मूळ लेखकाला त्यांची गरज पडली नाही, कारण त्याच्या गावात ओरायनच्या भरवशावर कुणी पेरणी करत नाही.