बाई यायच्या आधी आपलं घर
(विहाराच्या वर्धापन दिनी वंदनेनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला होता 'आपली चळवळ आणि आपले घर'. विषय फार मोठा आहे आणि आम्ही काही विद्वान नाही. नववी नापास माणूस, सूतगिरणीत रिंग फ्रेमवर तीस वर्षे काढली, पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे वाचले तेवढीच आमची पुंजी. म्हणून या मोठ्या विषयाचा एक लहानसा कोपरा धरतो. आपल्या घरी केर-फरशी, धुणं-भांडी करायला बाई लावली, तर ती दारात यायच्या आधी आपण आपलं घर कसं तयार ठेवावं, एवढंच आज बोलणार आहोत.

मागे काही तरुण हसताहेत. हसा. आम्हीही आधी हसलोच होतो. साफ करायलाच तर बाई येणार, मग तिच्यासाठी घर काय तयार करायचं, असं आम्हीसुद्धा बायकोला म्हणालो होतो.

पण जरा इकडे-तिकडे बघा. याच सभेत काही भगिनी अशा आहेत की आज सकाळी चार घरची भांडी घासून, हात कोरडे करून, पांढरी साडी नेसून इथे आल्या. आणि काही कुटुंबं अशी आहेत की त्यांच्या घरची भांडी आज सकाळी दुसरी बाई घासून गेली. बाबासाहेबांच्या पुण्याईने पोरं शिकली, प्रेसमध्ये, महापालिकेत, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत लागली, सुना नोकरी करू लागल्या. घरात माणूस उरत नाही, तेव्हा बाई लावावी लागते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण आपण या दाराच्या दोन्ही बाजूंना उभे आहोत, म्हणून हे आपल्याला बोलावंच लागेल.

आमची आई बंगल्यांवर कामाला जायची. शाळेला सुट्टी असली की आम्ही तिच्या मागे जायचो. एका बंगल्यात मागच्या दाराशी कोनाडा होता. त्यात कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असायचा. आईने तो घ्यायचा, बाईसाहेबांनी वरून चहा ओतायचा, आईने पायरीवर बसून प्यायचा, विसळून परत पालथा ठेवायचा. बाईसाहेब वाईट नव्हत्या हो. आम्हाला वह्या-पुस्तकांना पैसे त्यांनीच दिले, दिवाळीला फराळ द्यायच्या. पण कप कोनाड्यातच. काळाराम मंदिराच्या दाराशी आपली माणसं 2 मार्च 1930 पासून सत्याग्रहाला उभी राहिली, याच जिल्ह्यात येवल्याला 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी ती घोषणा केली, आणि 1970 च्या दशकातही याच नाशकात आमच्या आईचा कप कोनाड्यात होता. आईने त्याबद्दल आयुष्यभर एक शब्द काढला नाही. आम्हीही विचारला नाही.

आता आमच्या घरचं ऐका. तीन वर्षांमागे घरच्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सूनबाई कंपनीत, मुलाची रात्रपाळी. म्हणून एक ताई कामाला ठेवल्या. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून पोट भरायला आलेल्या. त्यांची जात आम्ही विचारली नाही. पण विचारावं असं मनात आलं होतं, हे या विहारात कबूल करतो.

चार-पाच दिवसांनी सहज पाहिलं, तर स्वयंपाकघराच्या खिडकीत स्टीलचा एक पेला वेगळा ठेवलेला. आम्ही घरच्यांना विचारलं, हा पेला कोणी ठेवला? त्या म्हणाल्या, मी नाही. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, त्यांनीच बाजूला काढलाय. पहिल्याच दिवशी." बाकीच्या घरी तशी रीत, म्हणून ताईंनी न सांगता स्वतःच आपला पेला वेगळा केला होता. आणि आम्ही चार माणसं, रोज त्रिशरण-पंचशील म्हणणारी, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, चार-पाच दिवस त्या पेल्याकडे पाहत होतो आणि कोणाला काही खटकलं नव्हतं.

आम्ही तो पेला उचलून रॅकवर आपल्या पेल्यांत ठेवला. दुसऱ्या दिवशी परत खिडकीत. असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी घरच्यांनी युक्ती काढली. काम संपायच्या वेळी स्वतः चहा ठेवायचा, सगळ्यांचे पेले एकाच ताटात आणायचे आणि ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं. त्यांनाही खुर्ची. खाली बसायची सवय मोडायला दोन महिने लागले. आता साखर कमी पडली तर तसं सांगतात.

म्हणून घर तयार ठेवायचं म्हणजे पहिली तयारी पेल्याची, हे आम्ही आधी सांगतो. बाकीची कामाची आहे, ती आम्ही गिरणीत शिकलो.

गिरणीत पाळी बदलताना साचा जसा असेल तसा टाकून कोणी जात नाही. कापसाची तूस झाडायची, तुटलेले धागे जोडायचे, रिकामे बॉबिन उचलायचे आणि मग पुढच्याच्या हाती द्यायचा. तुम्ही घाण टाकून गेलात तर पुढच्या कामगाराचा पहिला तास तुमची घाण काढण्यात जातो आणि उत्पादन मात्र त्याच्या नावावर कमी पडतं. बदली कामगाराचे तर फारच हाल, कारण तो बोलू शकत नाही. घरकाम करणारी बाई बदली कामगारासारखीच असते. तिला पुढच्या घरी ठरल्या वेळी पोचायचं असतं. तुमच्या फरशीवर पोरांचे कपडे, दप्तरं, चपला, वर्तमानपत्रं पडली असतील तर ती उचलण्यातच तिची पंधरा मिनिटं जातात. ती ठरलेल्या कामात धरलेली नसतात, त्यांचे पैसे कोणी देत नाही, आणि उशीर झाला म्हणून पुढच्या घरी बोलणी तिनेच खायची. तेव्हा फरशी मोकळी करायची, खरकटं ताटातून काढून टाकायचं, भांड्यांत पाणी घालून ठेवायचं, कपडे खिसे तपासून द्यायचे. नळाला पाणी जायची वेळ असेल तर बादल्या भरून ठेवायच्या. आणि आपण वर्तमानपत्र घेऊन मधोमध बसायचं नाही. पहिल्या दिवशी आम्ही तसेच बसलो होतो आणि ताई आमच्या पायांभोवती वाकून फडकं फिरवत होत्या. घरच्या ओरडल्या तेव्हा उठलो.

बाटल्यांचं मात्र नीट ऐका, हे जिवावरचं आहे. फिनेल, संडासाचं ॲसिड, ब्लीच हे आपल्याकडे पाण्याच्या जुन्या बाटल्यांत भरून ठेवतात. तसं करू नका. मूळ डबा ठेवा, नाहीतर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून चिकटवा, आणि बाईंना वाचता येत नसेल तर तोंडाने सांगा. ॲसिड आणि ब्लीच एकत्र झालं की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो छातीत गेला तर माणूस गुदमरतो. "दोन्ही टाका म्हणजे लख्ख निघेल" असं सांगणारे शहाणे आम्ही पाहिले आहेत. रबरी हातमोजे फार महाग नसतात, एक जोडी आणून ठेवा. फुटलेली काच कागदात गुंडाळून, वर लिहून वेगळी ठेवा, म्हणजे बाईंचा हातही वाचतो आणि घंटागाडीवरच्या माणसाचाही. पंखा पुसायचा असेल तर मेन स्विच बंद करून तुम्ही स्टूल धरायचं. गॅलरीच्या कठड्यावर चढून बाहेरून काचा पुसायला कोणालाही सांगायचं नाही. आपल्या सुनेला जे सांगणार नाही ते तिला सांगू नये.

संडासाबद्दल सगळ्यांचं मत आमच्यासारखं असणार नाही. आमच्या घरचा संडास आम्ही स्वतः धुतो. आपल्या समाजाच्या माथी हे काम किती पिढ्या मारलं गेलं ते आठवून आम्ही तसं ठरवलं. कोणाला ते काम बाईंकडून करून घ्यायचं असेल तर आधी विचारा, वेगळा पगार ठरवा, साधनं द्या. पण दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. कित्येक घरांत बाई घर धुते, पण तिला त्याच घरातला संडास वापरू देत नाहीत. सकाळी सातला निघालेली बाई दुपारी दोनपर्यंत कुठे जाणार? त्या भीतीने बाया पाणी पीत नाहीत. तेव्हा पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगायचं, "ताई, संडास इकडे आहे, साबण इथे आहे." तिला विचारायला लावू नका.

पैसे आणि दागिने कपाटात ठेवून चावी लावायची. हे बाईवर संशय म्हणून नव्हे. आमचीच गोष्ट सांगतो. टेबलावर ठेवलेली पाचशेची नोट दिसेना. आम्ही ताईंना काही बोललो नाही, पण दोनदा विचारलं, "टेबल तुम्हीच पुसलं ना?" दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली पिशवी दाराबाहेर चपलांजवळ ठेवली आणि रिकाम्या हातांनी आत आल्या. संध्याकाळी मुलगा म्हणाला, पेट्रोलला मी घेतली होती. सकाळी आम्ही माफी मागितली. त्या "असू द्या बाबा" म्हणाल्या, पण त्यानंतर आठवडाभर पिशवी बाहेरच होती. आपली आठवण कच्ची आणि मन त्याहून कच्चं, म्हणून पैसे आधीच आत ठेवायचे.

तथागतांनी राजगृहाच्या वेळुवनात सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला जो उपदेश केला, तो सिगालोवाद सुत्तात आहे. मालकाने नोकराशी कसं वागावं, याच्या पाच गोष्टी त्यात सांगितल्या आहेत. ताकद पाहून काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारात काळजी घ्यावी, घरात गोडधोड झालं तर वाटून खावं आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या नियमांत हा भाग आवर्जून घेतला आहे. नोकराने काय करावं याच्याही पाच गोष्टी तिथे आहेत, पण त्या मालक मंडळींना न वाचताच पाठ असतात, म्हणून आम्ही सांगत नाही. गोडधोडाबद्दल एकच सांगतो. उरलंसुरलं, दोन दिवसांचं शिळं देणं म्हणजे वाटून खाणं नव्हे.

कामं, पगार, महिन्याच्या सुट्ट्या आणि दिवाळीचा बोनस हे पहिल्याच दिवशी बोलून वहीत लिहावं, आणि वही दोघांनी पाहावी. खाडे लिहायला सगळे तयार असतात, पण पाहुणे आले म्हणून जास्तीची भांडी घासली ते कोणी लिहीत नाही. तेही लिहा. आणि बाई आजारी पडली म्हणून तिने शाळेतली मुलगी बदली पाठवली, तर तिला परत शाळेत पाठवा आणि खाडा कापू नका. 14 वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला 10 ऑक्टोबर 2006 पासून कायद्याने बंदी आहे.

हे हक्क कोणी आयते दिलेले नाहीत. 1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, तेव्हा लोकांना कळलं की भांडी घासणारी बाईसुद्धा कामगार आहे. पुढे महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. 18 ते 60 वयाच्या घरकामगारांना त्यात नोंदणी करता येते. 2020 च्या टाळेबंदीत सोसायट्यांनी बायांना दार बंद केलं, आणि किती घरांनी पगार चालू ठेवला ते ज्याचं त्याला माहीत. 2021 साली सरकारने घरकामगारांना दीड हजार रुपये मदत जाहीर केली, तीसुद्धा नोंद असलेल्यांनाच. आपल्या वस्तीतल्या किती भगिनींना तेव्हा हात हलवत बसावं लागलं, ते इथे समोर बसलेल्यांना विचारा.

म्हणून महिला मंडळाशी बोलून ठरवलं आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर इथेच टेबल मांडू. घरकाम करणाऱ्या भगिनींनी आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि दोन फोटो आणावेत. कॉलेजची दोन मुलं अर्ज भरून देतील, कामगार कार्यालयात आम्ही स्वतः सोबत येऊ. आणि ज्यांच्या घरी बाई कामाला आहे त्यांनी तिलाही घेऊन यावं, ती कोणत्याही समाजाची असो. काम करत असल्याचं मालकाचं पत्र मागितलं तर ते तुम्ही तिथल्या तिथे लिहून द्यायचं आहे. आमच्या ताईंचं पत्र आम्ही लिहून आणलं आहे, नमुना म्हणून टेबलावर ठेवू. पेन मात्र आपापला आणा.

नमो बुद्धाय. जय भीम.