रुग्ण वेळेवर पुढे न पाठवणे
(प्रताप नगर, नागपूर येथील महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)

मैत्रिणींनो, 'अजून दोन दिवस बघू' हे डॉक्टरांचं वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. मुंबईच्या पूनम वर्मांनीही तेच भोगलं. जुलै १९९२ मध्ये त्यांच्या नवऱ्याला ताप आला. डॉक्टरचं शिक्षण होमिओपॅथीचं, औषधं मात्र अॅलोपॅथीची. आधी व्हायरल म्हणून, मग टायफॉइड म्हणून. आठवड्याने नर्सिंग होम. १४ तारखेला बेशुद्धावस्थेत मोठ्या रुग्णालयात नेलं, साडेचार तासांत ते गेले.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने पूनमताईंची तक्रार फेटाळली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९६ मध्ये न्यायालयाने तीन लाखांची भरपाई दिली आणि सांगितलं, जी उपचारपद्धती शिकलेलाच नाही ती वापरणं हाच निष्काळजीपणा. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवतानाही डॉक्टरवर जबाबदारी असते, हे तर पुण्याच्या एका खटल्यात १९६८ लाच ठरलं होतं.

आणि आपण? प्रश्न विचारणाऱ्या बाईला 'जास्त शहाणी' म्हणतो! विचारा: हे तुमच्या हातचं आहे का? नसेल तर चिठ्ठी द्या. कागद मागा, मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला मुदत दोन वर्षांची आहे. घरात दुःख असतं, दिवस निघून जातात, म्हणून कागद पहिल्याच आठवड्यात मागा.