आईच्या लॅपटॉपसाठी आयकॉन थीम

मी बंगळूरहून, के. आर. पुरममधून बोलतोय. आज लिनक्स डेस्कटॉपसाठी स्वतःची आयकॉन थीम कशी करायची ते बघू.

ही थीम मी हौसेखातर केली नाही. बाबा गेल्यावर आई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली. पेन्शनचे कागद, बँकेची पत्रं, दर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला, सगळं तिच्या लॅपटॉपवर. पण सगळे फोल्डर एकाच रंगाचे, वरची खूण फिकट. तिला फरक दिसेना, आणि दरवेळी मुलाला हाक मारणं तिला नको होतं.

आईला कन्नड वाचता येत नाही. तरी इथला रेल्वेमार्गावरचा तारांनी तोललेला पूल दिसला, की घर जवळ आलं हे तिला कळतं. आयकॉनचं कामही हेच: वाचायच्या आधी ओळख पटवणं.

घाबरू नका, हजारो चित्रं काढायची नाहीत. होम फोल्डरमध्ये 'लोकल', 'शेअर', 'आयकॉन्स' अशा वाटेनं जा. 'लोकल'च्या आधी टिंब असतं, म्हणून तो लपलेला दिसेल. तिथे आपल्या थीमचा फोल्डर करा आणि त्यात 'इंडेक्स.थीम' ही साधी मजकुराची फाइल ठेवा. तिच्यात थीमचं नाव, उपफोल्डरांची यादी, प्रत्येकाचं माप आणि सगळ्यात महत्त्वाची 'इनहेरिट्स' ही ओळ. तिथे 'अद्वैता' लिहिलंत, की तुम्ही न काढलेले आयकॉन त्या थीममधून येतात. तिथेही नसेल, तर शेवटी 'हायकलर'मध्ये शोध होतो.

मी फक्त सहा आयकॉन काढले, इंकस्केपमध्ये, एसव्हीजी स्वरूपात. फाइलचं नाव मनाचं चालत नाही. फ्रीडेस्कटॉपच्या प्रमाणित यादीतलं किंवा मूळ थीममधलं नावच द्यायचं: कचऱ्याला 'युजर-ट्रॅश', कागदपत्रांना 'फोल्डर-डॉक्युमेंट्स'.

कागदपत्रांसाठी लाल पत्र्याची ट्रंक काढली. कचऱ्यासाठी केरसुणी काढली, तर आई म्हणाली, "अरे, लक्ष्मी आहे ती! दिवाळीत पूजा करतो आपण तिची." मग सुपली काढली.

एक लक्षात ठेवा. 48 पिक्सेलला सुबक दिसणारी बारीक रेघ 16 पिक्सेलला पुसटते. लहान मापासाठी वेगळं, ठसठशीत चित्र काढा. नुसत्या रंगावर विसंबू नका, आकारही वेगळा हवा.

नोममध्ये 'ट्वीक्स' उघडून थीम निवडा. बदल दिसला नाही, तर लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करा. दुसऱ्याचे आयकॉन बदलून वाटणार असाल, तर आधी परवाना वाचा. 'पपायरस' जीपीएल 3 खाली आहे, म्हणजे तुमची बदललेली आवृत्तीही त्याच परवान्याखाली द्यावी लागते.

तुमच्या घरी कुणाला कुठला आयकॉन ओळखू येत नाही, ते आज विचारा. सुरुवात त्या एकापासून करा.