जागृतीच्या पुढचे पाऊल

(पाली, ता. राजगड (पूर्वीचा वेल्हे) येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविण्याचा माझा व्यवसाय. तेव्हा स्त्रियांच्या कर्करोगावर मी बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा, म्हणजे आपल्या बोलीत पिशवीच्या तोंडाचा, कर्करोग हा जितका वैद्यकाचा तितकाच वाटपाचा प्रश्न आहे. ज्ञान कोणाच्या सहभागातून मिळाले आणि त्याचे फळ कोणाच्या पदरात पडले, असा तो प्रश्न आहे.

२०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले. या दुसऱ्या रोगाने त्याच वर्षी सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्या. वस्तुतः हा रोग एका रात्रीत होत नाही. एका विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षे टिकून राहिला म्हणजे पेशींत बदल होतात, आणि त्यांतून कर्करोग होण्यास बहुधा दहा-पंधरा वर्षे वा त्याहूनही अधिक काळ जातो. एवढ्या अवधीत एकदा जरी कोणी नीट तपासले, तरी बिघडलेला भाग तेथल्या तेथे नाहीसा करता येतो. म्हणून या मृत्यूंना दैवाचा घाला म्हणणे मला मान्य नाही.

यावर आपल्याकडे ठरलेले उत्तर दिले जाते, ते म्हणजे 'स्त्रिया अडाणी आहेत, त्यांच्यात जागृती करा.' मग शिबिर भरते, फलक लागतात, भाषणे होतात आणि मंडळी परततात. या उत्तराची परीक्षा याच महाराष्ट्रात होऊन गेली आहे.

तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा एक मोठा अभ्यास झाला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. गावांचे गट पाडून काहींत विषाणूची चाचणी, काहींत पेशींची, तर काहींत सौम्य ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची चाचणी एकेकदा करण्यात आली. चौथ्या गटात चाचणी करण्यात आली नाही. ती कोठे मिळते एवढे त्या स्त्रियांना सांगण्यात आले.

आठ वर्षांनंतरचा हिशेब पाहा. विषाणूची चाचणी झालेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांत १२७ जणींना कर्करोग आढळला; त्यांतील ३९ जणींचा रोग दुसऱ्या वा पुढच्या अवस्थेत होता, आणि मृत्यू ३४ झाले. चाचणी न झालेल्या सुमारे ३१ हजार स्त्रियांत ११८ जणींना कर्करोग झाला. त्यांतील ८२ जणींचा रोग पुढे गेलेला होता, आणि मृत्यू ६४ झाले. एका चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. उलट, चाचणी कोठे मिळते हे नुसते सांगून काय साधते, तेही या आकड्यांत दिसते.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून टाटा स्मारकाने दुसरा प्रयोग केला. तेथे डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, तपासणी करीत. डोळ्यांनी पाहण्याच्या त्या साध्या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच कार्यकर्त्या हातांनी स्तन तपासून गाठ शोधीत. त्याचा निष्कर्ष २०२१ साली आला. पुढच्या अवस्थेत सापडणाऱ्या रुग्णांचे प्रमाण कमी झाले आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. महागड्या यंत्रावाचून, शिकवून तयार केलेल्या हातांनी हे झाले. येथेही तुलनेच्या गटाला प्रारंभी एकदा माहिती दिली होती, तपासणी नव्हती.

गरिबांच्या एका गटाला तपासणीविना ठेवावे काय, यावर पुढे देशात आणि परदेशांत बराच वाद झाला. 'भारतात प्रचलित सेवा म्हणजे तपासणी नसणे हीच होय; तेव्हा आम्ही कोणाचे काही हिरावले नाही,' असा संशोधकांचा युक्तिवाद होता. या युक्तिवादाने आरोपी बदलतो, आरोप मात्र तसाच राहतो. काहीच नसणे ही ज्या देशात 'प्रचलित सेवा' ठरते, तेथील राज्यव्यवस्थेला याचा जाब विचारला पाहिजे.

या जाबाचे उत्तर अद्याप मिळालेले नाही. ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २०१६ साली काढली. त्यानंतरच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय दिसले? देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या १.९ टक्के आणि स्तनाची झालेल्या ०.९ टक्का. महाराष्ट्रातील गरीब स्त्रियांनी जगाला पुरावा दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशींत विषाणूच्या चाचणीस अग्रस्थान मिळाले. पण ती चाचणी त्यांच्या लेकीसुनांच्या दारी आली नाही.

आता आपल्या या गावाकडे वळू. राजगडाच्या पाली दरवाज्याखालच्या या मुलखात भातलावणीच्या दिवसांत बाईने 'तपासून ये' हा सल्ला पाळायचा म्हणजे काय? दिवसाचा रोज बुडणार, एस.टी.चे भाडे पडणार, सोबत कोणी जायचे तर त्याचाही रोज बुडणार, आणि घरची गुरे-पोरे कोणावर तरी सोपवावी लागणार. अर्थशास्त्रात ज्या गरजेमागे पैसा नाही तिला 'मागणी' म्हणत नाहीत. म्हणून पुस्तकी हिशेबात या बाईला तपासणीची मागणीच नाही. ती दुखणे अंगावर काढते ते अडाणीपणामुळे नव्हे. तिचा हिशेब पक्का असतो. तो हिशेब बदलायचा तर तपासणी तिच्या गावात आणली पाहिजे.

माहिती निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जाणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, स्तनात न दुखणारी गाठ लागणे, त्वचा आत ओढली जाणे, बोंडातून रक्त येणे ही लक्षणे प्रत्येक घरात ठाऊक असली पाहिजेत. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नये, हे तर विशेष सांगावे. शिवाय हा विषाणू स्त्री-पुरुष दोघांतही वावरतो. म्हणून या रोगावरून बाईच्या चारित्र्याकडे बोट दाखविणे अन्याय्य आहे. हे पुरुष कार्यकर्त्यांनी पुरुषांना सांगावे. परंतु लक्षणे दिसण्यापूर्वीच रोग गाठणे हे तपासणीचे सारे प्रयोजन आहे, आणि ते काम भाषणाने होत नाही.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. पहिली, आरोग्य केंद्रात जाऊन ही तपासणी कोणत्या वारी होते, कोण करते आणि गेल्या वर्षी किती जणींची झाली, हे लेखी विचारा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. दुसरी, दोष आढळलेल्या बाईला कोठे पाठविणार आणि तिला तेथवर कोण नेणार, हे आधी ठरवून घ्या. उपचाराविना तपासणी ही क्रूर थट्टा होय. तिसरी, विषाणूची चाचणी सरकारी खर्चाने मागा. तिचा नमुना बाईला स्वतः घेता येतो, त्यामुळे संकोचाची अडचण पुष्कळ कमी होते. चौथी, हे काम आशाताईंच्या अंगावर फुकट टाकू देऊ नका. त्यासाठी प्रशिक्षण आणि पुरता मोबदला मागा.

पुढच्या ग्रामसभेत पहिला प्रश्न येथे बसलेल्या भगिनींपैकी कोणी विचारावा आणि बंधूंनी तिच्या पाठीशी उभे राहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.